ऐकण्याच्या कामाची कुत्री रोज स्प्लेंडरवरून न्यायची आहे, बजेट ५ हजार

वडगाव_रस्ता

नमस्कार. हातकणंगल्याहून कोल्हापूरला रोज कामाला जाते, एका बाजूने साधारण २० किलोमीटर. मला दोन्ही कानांनी ऐकू येत नाही. मैना ही माझी गावठी कुत्री ऐकण्याच्या कामासाठी शिकवलेली आहे. दार वाजलं, कुणी नावाने हाक मारली, अलार्म झाला की येऊन पंजाने मांडीला शिवते आणि आवाजाकडे घेऊन जाते. प्रेसच्या मालकांनी तिला कामावर आणायला परवानगी दिली आहे. आता न्यायची कशी, एवढाच प्रश्न उरलाय. रोजची रिक्षा परवडत नाही.

वय साडेतीन वर्षं, वजन १६ किलो, खांद्यापर्यंत उंची ४८ सेमी, छातीपासून शेपटीच्या बुडापर्यंत ५२ सेमी. गाडी स्प्लेंडर प्लस. माझं वजन ५८ किलो. खर्च सगळा धरून ५ हजारांच्या आत बसवायचा आहे.

विचारायचं ते असं. मागच्या सीटवर बसवून तिचा पट्टा माझ्या कमरेला बांधला तर चालेल का? तिच्या अंगावर कामाचं जॅकेट असतं, त्याला मागे कडी आहे, तिथे बांधता येईल का? मागून हॉर्न वाजला की ती पाठीला पंजा लावून सांगेल, म्हणजे रस्त्यावर उलट फायदाच होईल असं मला वाटतंय, ते बरोबर आहे का? आणि पोलिसांनी अडवलं तर नियम काय आहे?

उद्यमनगर_फॅब

ताई, कमरेला बांधू नका. गाडी घसरली तर तुम्ही एकीकडे आणि ती दुसरीकडे जाणार, मधला पट्टा दोघींनाही ओढणार. ती एकदम बाजूला झुकली तरी तुमची कंबर वळते आणि हँडल हलतं. तिचा भार गाडीच्या लोखंडावर पडला पाहिजे, तुमच्या अंगावर नाही. उघड्या सीटवरही नको. स्प्लेंडरची सीट अरुंद आणि घसरडी, नखं रोवायला जागा नाही. कुत्रं तोल सांभाळत सतत पाय बदलतं आणि तेवढ्या वेळा गाडी डुलते.

पेटी करा. आपल्याकडे दुधाच्या कॅनसाठी गाडीला स्टँड करून देणारा वेल्डर गावोगाव आहे. त्याला हे काम कळतं. फरक एकच, कॅन हलत नाही आणि कुत्रं हलतं, म्हणून सांधे आणि बोल्ट त्याच्या अंदाजापेक्षा एक पायरी भक्कम मागा.

माप आधी. केंद्राने २०२० मध्ये दुचाकीवरच्या हलक्या पेटीसाठी माप दिलं ते लांबी ५५०, रुंदी ५१०, उंची ५०० मिलिमीटर. पेटी मागच्या माणसाच्या जागी असेल तर दुसरा माणूस बसवायचा नाही, हेही त्यातच आहे. तुमची मैना ५२ सेमीची, म्हणजे ५५ × ५१ च्या पेटीत ती अंग वळवून झोपू शकते, बसू शकते. पूर्ण पाय ताणून पडता येणार नाही. पण चालत्या गाडीवर ते नकोच आहे, जागा जास्त झाली की ती इकडून तिकडे सरकते. भिंती तिन्ही बाजूंनी ३५ सेमी, तुमच्या पाठीकडची ४५ सेमी आणि ती पूर्ण बंद. वरून उघडी.

चौकट २० × २० मिमीच्या १६ गेज चौकोनी पाइपची. जवळजवळ सहा मीटर पाइप लागतो, वजन साडेपाच किलोच्या आसपास. तळाला १२ मिमी प्लाय, भिंतींना आतून ६ मिमी प्लाय. जाळी लावू नका, नख अडकून मुळापासून निघतं. तळाच्या प्लायला चार कोपऱ्यांत १० मिमीची भोकं पाडा, पावसाचं आणि धुण्याचं पाणी निघून जाईल. सगळं मिळून पेटी १३ किलोच्या आसपास बसते. मैना धरून २९ किलो, तुम्ही ५८, एकूण ८७. या वर्गातल्या गाड्यांना साधारण १३० किलोपर्यंत भार चालतो, तरी तुमच्या मॅन्युअलमधला आकडा बघून घ्या.

पेटी कुठे बसवायची, इथेच बहुतेक जण चुकतात. मागच्या कॅरिअरवर ठेवायची नाही. मागच्या चाकाच्या आसाच्या पलीकडे वजन गेलं की पुढचं चाक हलकं होतं, चढावर आणि वळणावर हँडल उडाल्यासारखं वाटतं. पेटीचा मध्य मागच्या आसाच्या बरोबर वर किंवा किंचित पुढे यायला हवा. तुम्ही गाडीवर बसा, पाठीमागे चार बोटं जागा सोडा, तिथून पेटी सुरू. तळ सीटच्या वर जेमतेम दोन सेमी. जितका वर घ्याल तितका डोल वाढेल.

पकड चार जागी. दोन्ही शॉकअपचे वरचे बोल्ट आणि मागच्या ग्रॅब रेलचे दोन बोल्ट, कारण या जागा चेसिसच्या आहेत. ४० × ५ मिमीची पट्टी वाकवून घ्या. वेल्डर मागच्या फुटरेस्टवर पाय टेकवू म्हणेल. तेव्हा खाली वाकून बघा, फुटरेस्ट चिमट्यावर, म्हणजे मागचं चाक धरणाऱ्या हलत्या दांड्यावर, बसवलेला असेल तर ठाम नाही म्हणा. चिमटा प्रत्येक खड्ड्यात वर-खाली होतो आणि पेटी चेसिसबरोबर असते. महिन्याभरात वेल्डिंगला चीर जाईल. पेटीच्या पुढच्या कडेखाली रबरी ठोकळा देऊन सीटवर हलका टेकू द्या. चेसिसवर वेल्डिंग अजिबात करू देऊ नका, सगळं बोल्टवर. बोल्ट ८.८ ग्रेडचे, डोक्यावर ८.८ असं कोरलेलं असतं, आणि नट नायलॉकचे, म्हणजे आत नायलॉनचं कडं असलेले. शॉकअपच्या बोल्टवर पट्टी घातल्यावर नटाबाहेर किमान दोन आटे दिसले पाहिजेत. दिसत नसतील तर पट्टी तिथे पातळ करू नका, लांब बोल्ट आणा.

उजव्या बाजूला सायलेंसर आहे. पेटीचा कुठलाही भाग त्याच्यापासून ८ सेमीच्या आत येऊ देऊ नका. मागचा दिवा, इंडिकेटर, नंबर प्लेट झाकली जाता कामा नये. रुंदी हँडलच्या आतच राहते, त्यामुळे हँडल जिथून जातं तिथून पेटी जाते.

खर्च असा धरा: पाइप ४००, पट्टी १३०, दोन्ही प्लाय मिळून ७६०, रबर मॅट आणि फोम ३००, बोल्ट १५०, रेडऑक्साइड आणि रंग १५०, मजुरी १२००, रिफ्लेक्टर टेप १००. हे ३१९० झाले. उरलेल्यात हार्नेस ९००, पट्टे आणि कड्या ३००, जादा आरसा २००. बेरीज ४५९०. प्लाय दुकानात कापून उरलेले तुकडे मागितले तर अजून दोनेकशे वाचतात. बोल्ट आणि हार्नेस यांत मात्र वाचवायला जाऊ नका.

श्वानशाळा_सांगली

वरच्यांनी लोखंडाचं नीट सांगितलंय. मी कुत्रीकडून सांगते, आणि तुमच्या तिसऱ्या प्रश्नापासून सुरू करते, कारण सगळ्यात मोठा धोका तिथे आहे.

हॉर्न वाजला की तिने पाठीला पंजा लावावा, हे होऊ द्यायचं नाही. ताई, शिरोलीच्या रस्त्यावर दहा मिनिटांत किती हॉर्न वाजतात याचा विचार करा. प्रत्येकाला ती उठणार, पुढचे पाय भिंतीवर टाकणार, तुम्हाला शिवणार. घरी तिने शिवलं की तुम्ही वळून बघता आणि ती आवाजाकडे नेते. गाडीवर तुम्ही वळून बघितलंत तर गाडी वळते. ती कुठे नेणार आहे? शिवाय रोज शेकडो हॉर्नना प्रतिसाद देऊन काही मिळालं नाही, तर ती आवाजाकडे दुर्लक्ष करायला शिकेल आणि कामाच्या जागी खऱ्या अलार्मलाही सुस्तावेल. मागची वाहनं आरशातच बघायची. मैना गाडीवर रजेवर असते, हा नियम.

तिला हे कळवायला जॅकेट वापरा. जॅकेट अंगावर म्हणजे काम, जॅकेट काढलं म्हणजे सुट्टी. पेटीत चढण्याआधी दरवेळी काढायचं, उतरल्यावर दहा मिनिटांनी घालायचं. जॅकेटच्या कडीला बांधायचा प्रश्नही त्यातच सुटला. ती कडी कापडावर शिवलेली असते, बकल प्लॅस्टिकचं असतं. झटका बसला की आधी तेच तुटतं.

प्रवासासाठी वेगळा हार्नेस. छातीवर इंग्रजी वाय अक्षरासारखा बसणारा, पाठीवर धातूची कडी, पट्टा २५ मिमी रुंद. मानेच्या पट्ट्याला गाडीत कधीच बांधू नका, पाय घसरून ती भिंतीबाहेर लटकली तर गळफास बसतो. हार्नेस घातल्यावर पट्ट्याखाली दोन बोटं जावीत, तीन नाहीत. काखेत घासतो का ते पहिले पंधरा दिवस रोज केस बाजूला करून बघा.

दोन पट्टे, एक डावीकडून, एक उजवीकडून. पेटीच्या लोखंडी चौकटीला, म्हणजे प्लायला नव्हे, तळाजवळ दोन बाजूंना कड्या वेल्ड करून घ्या. लांबी मोजायची ती तिला पेटीत बसवून. पाठीच्या कडीपासून तळाच्या कडीपर्यंत ताठ माप घ्या, त्यात ३ सेमी मिळवा आणि तेवढाच पट्टा कापा. तिला बसता आलं पाहिजे, झोपता आलं पाहिजे, उभी राहायला गेली की पट्टा ताणला पाहिजे. बंजी, म्हणजे रबरी, दोरी नको, ती ताणली जाते आणि तिचा हुक निसटतो. तळाकडे ६ मिमीची डी-शॅकल (इंग्रजी डीच्या आकाराची लोखंडी कडी), हार्नेसकडे स्क्रूचं झाकण असलेली गिर्यारोहणाची कडी. किल्ल्यांच्या जुडग्याला मिळते तशी रंगीत कडी हातानेही वाकते, ती नको. आणि एक धारदार कात्री पेटीच्या बाहेरच्या बाजूला, कुणालाही दिसेल अशी अडकवून ठेवा. गाडी आडवी झाली तर रस्त्यावरच्या माणसाला स्क्रू फिरवायचं सुचणार नाही, पट्टा कापायचं सुचेल.

तुमच्यासाठी खास गोष्ट म्हणजे आरसा. इतरांना मागून कण्हण्याचा, पाय खरवडण्याचा आवाज येतो. तुम्हाला येणार नाही, म्हणून ती दिसलीच पाहिजे. डाव्या आरशाच्या दांड्याला छोटा फुगीर गोल आरसा चिमटीने लावा आणि तो फक्त पेटीकडे वळवा. नेहमीचे दोन्ही आरसे रस्त्यासाठीच ठेवायचे. पेटीमुळे त्यांचा कोन बदलेल, खांद्याऐवजी रस्ता दिसेपर्यंत ते बाहेर घ्या, लागलं तर लांब दांड्याचे आरसे लावा. फुगीर आरशात काय बघायचं? डोकं खाली आहे ना, कान मागे चिकटलेत का, जीभ किती बाहेर आहे.

सवय लावायला तीन आठवडे धरा. पहिले चार-पाच दिवस पेटी घरात जमिनीवर, रोजचं खाणं त्यातच. मग पट्टे लावून दहा मिनिटं, तुम्ही समोर बसून. हाताची खूण गाडीवर चालणार नाही, ती तुमच्या पाठीमागे आहे आणि तुमचे हात हँडलवर आहेत. म्हणून पेटी म्हणजेच झोपणं आणि खांद्यावर दोनदा थोपटलं म्हणजे उठायची परवानगी, एवढंच शिकवा. दुसऱ्या आठवड्यात पेटी गाडीवर, मेन स्टँड, इंजिन बंद. मग इंजिन चालू, गाडी जागेवरच. इंजिनची थरथर तिला पंजांत जाणवते, बहुतेक कुत्री तिथेच उठून उभी राहतात. उभी राहिली तर इंजिन बंद करा, ती झोपली की परत चालू. तिसऱ्या आठवड्यात मोकळ्या मैदानात पहिल्या गिअरमध्ये, मग गल्लीत एक किलोमीटर, मग पाच. एखाद्या पायरीला लाळ गळायला लागली, जांभया वाढल्या, खाऊ नाकारला, तर मागच्या पायरीवर दोन दिवस थांबा.

मिरज_मोपेड

एवढा खटाटोप कशाला? जुनी ॲक्टिव्हा घ्या, पायापाशी बसवा. निम्म्या महाराष्ट्रात कुत्री तशीच फिरतात.

उद्यमनगर_फॅब

फिरतात, पण गल्लीपुरती. पायापाशी १६ किलोचं कुत्रं बसलं की त्याचं डोकं हँडलखाली येतं, आणि पूर्ण वळण घ्यायला गेलं की हँडल त्याच्या मानेला लागतं. चालकाला पाय बाहेर काढून बसावं लागतं. अचानक ब्रेक मारला की ते थेट पुढे घसरतं, अडवायला काही नसतं. रोज ४० किलोमीटर ट्रकच्या रस्त्यावर हे नको. आणि पाच हजारांत चालणारी ॲक्टिव्हा कुठे मिळते?

कुणी साइडकार सुचवायच्या आधी तेही लिहून टाकतो. कुत्र्यासाठी ती उत्तमच, पण खर्च या बजेटच्या कितीतरी पट. शिवाय मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ खाली गाडीत बदल होतो, आरटीओची मंजुरी घेऊन आरसी बुकात नोंद लागते.

गोठा_ते_दवाखाना

नियमाचा प्रश्न राहिला होता. कलम १२८ दुचाकीवर चालकाखेरीज एकाच माणसाला परवानगी देतं, कुत्र्याबद्दल त्यात काही नाही. लागू होतो तो १९६० चा प्राण्यांना क्रूरतेने वागवण्यास प्रतिबंध करणारा कायदा, कलम ११. जनावराला विनाकारण वेदना होतील अशा रीतीने वाहनातून नेणं हा गुन्हा आहे. पेटी, मॅट, हार्नेस असेल तर तो मुद्दा सहसा उरत नाही. रेबीज लसीचा दाखला आणि तुमच्या दिव्यांग ओळखपत्राची प्रत प्लॅस्टिकमध्ये घालून पेटीला अडकवा. पेटीच्या मागे ठळक पाटी: "चालकाला ऐकू येत नाही". पोलिसाशी बोलणं सोपं जाईल, मागचा माणूसही नुसता हॉर्न दाबत बसणार नाही.

आता उन्हाचं. कुत्र्याला घाम गाळून अंग थंड करता येत नाही, ते धापा टाकूनच थंड होतं. चालत्या गाडीवर वारा असतो तोवर ठीक, सिग्नलला किंवा रेल्वे फाटकात पाच मिनिटं थांबलात की खालून इंजिन, वरून ऊन. मार्च ते मे सकाळी नऊच्या आत आणि संध्याकाळी सहानंतरच प्रवास. पेटीवर हिरवी शेडनेट कमानीसारखी ताणा, पण पाठीमागून उघडी ठेवा, नाहीतर ती वाऱ्याने शिडासारखी फुगते. मॅट आणि रंग काळा नको. बसवण्याआधी मॅटवर तळहात पाच सेकंद ठेवून बघा. तुम्हाला ठेववत नसेल तर तिला नको.

धापा थांबत नाहीत, लाळ घट्ट आणि चिकट, हिरड्या विटेसारख्या लाल, पाय लटपटतात, ही उष्माघाताची लक्षणं. तिथेच सावलीत उतरवा, पोट, काखा आणि जांघांवर साधं पाणी ओतत राहा, पुठ्ठ्याने वारा घाला. ओला टॉवेल गुंडाळून ठेवू नका, तो थोड्या वेळात गरम होतो. अंग गार पडायला लागल्यावर दवाखाना. दोन लिटर पाणी याच कामासाठी वेगळं ठेवा, पिण्याचं निराळं.

खाणं निघायच्या तीन-चार तास आधी. तेवढं लवकर जमत नसेल तर सकाळी दोन घास आणि मुख्य जेवण घरी परतल्यावर. उलटी होत असेल तर माणसांची गोळी मनाने देऊ नका, आमच्याकडे या, वजनावर औषध ठरतं.

डोळे आणि कान. ऊस हंगामात ट्रॅक्टरमागे पाचट आणि धूळ उडते, त्या वाहनांच्या मागे राहू नका. ४५ सेमीची पुढची भिंत याचसाठी आहे, झोपल्यावर तिचे कान वाऱ्याच्या खाली येतात. कान हेच तिचं हत्यार. दर आठवड्याला आत बघा: लाली, वास, काळपट मळ, डोकं झटकणं यांतलं काहीही दिसलं तर दाखवा. उतरल्यावर लगेच कामाला जुंपू नका. पाणी, लघवी, जरा हुंगू द्या, मग जॅकेट.

वडगाव_रस्ता

सगळ्यांचे मनापासून आभार. हॉर्नचं तर माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. अजून दोन गोष्टी. पेटी मागे असताना गाडीवर चढायचं कसं, आणि तिला आधी ठेवायचं की मी आधी बसायचं? आणि पावसाळ्यात काय करू?

उद्यमनगर_फॅब

पाय मागून टाकता येणार नाही, टाकी आणि पेटी यांच्या मधून पुढून घालायचा. हे रिकाम्या पेटीवर पन्नासदा करा, पायाच्या अंगवळणी पडलं पाहिजे.

क्रम असा. सपाट जागा, मेन स्टँड, पुढे गाडी सरकायला मोकळी जागा, गाडी पहिल्या गिअरमध्ये. साइड स्टँडवर तिला चढवू नका, गाडी आधीच झुकलेली असते आणि तिने उडी मारली की पडते. उडी मारूच देऊ नका. एक हात छातीच्या पुढून, दुसरा मांड्यांच्या मागून, अंगाशी धरून उचला आणि ठेवा. आधी डावा पट्टा, मग उजवा, दोन्ही कड्यांचे स्क्रू फिरवून बंद. मग न्यूट्रल करा, वर बसा आणि दोन्ही पाय टेकून गाडी स्टँडवरून पुढे ढकला. खाली उतरताना धक्का बसतोच, स्टँडखाली दोन सेमीची फळी ठेवलीत तर मागचं चाक जमिनीपासून जास्त उचललं जातं आणि धक्का वाढतो, म्हणून फळी नको. पोचल्यावर उलट क्रम. तुम्ही उतरा, मेन स्टँड, मगच पट्टे सोडा. पट्टा सुटला म्हणजे उतरायचं असं तिने धरू नये, खांद्यावर थोपटल्याशिवाय बाहेर काढू नका.

मैनेला बसवण्याआधी वीस लिटरच्या पाण्याच्या कॅनमध्ये १५ लिटर पाणी भरा, कॅन पेटीत आडवा बांधा आणि मैदानात फिरवा. वाळूचं पोतं निपचित पडून राहतं, अर्धवट भरलेलं पाणी कुत्र्यासारखं डुचमळतं. इंग्रजी आठच्या आकारात वळणं, ४० वरून ब्रेक, स्पीडब्रेकर, चढावर थांबून परत सुटणं. मागच्या ब्रेकवर सगळी भिस्त ठेवायची सवय असेल तर इथेच मोडा, पुढचा आणि मागचा दोन्ही एकाच वेळी, हलक्या हाताने दाबायचे. वेगाची हद्द ४०.

मागच्या टायरमध्ये डबलसीटचीच हवा. एकट्याला २८ पीएसआयच्या आसपास असते, डबलसीटला ४० च्या आसपास, नेमका आकडा गाडीवरच्या स्टिकरवरून घ्या. मागचे शॉकअप पाच पायऱ्यांचे आहेत, दोन्हीकडे सारखी, मधली किंवा चौथी पायरी. फार कडक केलंत तर सगळे खड्डे मैनेच्या सांध्यांना बसतील. चेन आधी सैल-घट्ट बघा, वजनाने मागची बाजू खाली जाते आणि चेनचा ताण बदलतो.

पावसात शेडनेटच्या कमानीवर ताडपत्री, पाठीमागची बाजू उघडी. प्लायच्या कडांना दोन हात ऑइलपेंट, नाहीतर पहिल्याच पावसात फुगतात. मॅट रोज काढून वाळवायची, ओल्या मॅटवर पंजांच्या मध्ये बुरशी धरते. पंचगंगेचं पाणी रस्त्यावर आलं की वेगळा मार्ग काढायचा नाही, त्या दिवशी घरीच. मुसळधार पाऊस आणि जोराचा वारा असेल तरी तेच, कारण पेटीची बाजू वाऱ्याला लागते आणि पुलावर गाडी लेन सोडते.

बोल्ट पहिल्या दिवशी, १०० किलोमीटरनंतर, मग दर रविवारी. प्रत्येक नट आणि बोल्टवर नेलपॉलिशने एक सरळ रेघ ओढून ठेवा. रेघ तुटलेली दिसली की नट फिरलाय. वेल्डिंगच्या कडेला गंजाची बारीक तपकिरी रेघ दिसली तर ती चीर आहे, रंग मारून झाकू नका, गाडी तशीच दुकानात आणा.